सांगड : छोट्या होडीतून कोकणचा किनारा

नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे समुद्रापासून दूर आहेत. सरळ रेषेत मोजले तरी लातूरपासून साडेतीनशे आणि नांदेडपासून साडेचारशे किलोमीटरच्या आत खारे पाणी सापडत नाही. आपली गोदावरी समुद्राला मिळते खरी, पण ती पूर्वेच्या समुद्राला, आणि तेही सारा तेलंगण व आंध्र ओलांडून. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, तेव्हा हैदराबाद संस्थानाला कोठेही समुद्रकिनारा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या दोन तारखांसंबंधी भाषणे पुष्कळ होतात. भाषा, पाणी, नोकऱ्या, विद्यापीठ यांचा हिशेब मांडला जातो. परंतु त्याच तारखांनी आपल्या वाट्याला एक समुद्रही आला, हे आम्ही कोणाच्या तोंडून फारसे ऐकले नाही. जी वस्तू आपल्या नावावर आहे ती एकदा जवळून पाहून यावी, एवढ्याच हेतूने आम्ही सहा मित्र कोकणात गेलो. तेथे जे पाहिले आणि समजून घेतले, ते या ठिकाणी सांगावयाचे आहे.

समुद्र पाहण्याचे प्रकार दोन. एक म्हणजे एस.टी.ने किंवा भाड्याच्या गाडीने जाऊन वाळूवर उभे राहणे. दुसरा म्हणजे लहान होडीत बसून, स्वतः वल्हे मारीत, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणे. या दुसऱ्या प्रकारासाठी जी होडी वापरतात तिला कयाक म्हणतात. शब्द परका आहे, पण वस्तू समजण्यास अवघड नाही. साधारण पाच मीटर लांब, माणूस जेमतेम मावेल इतकी रुंद, वरून झाकलेली, आणि मध्ये बसण्यापुरते एक किंवा दोन भोके असलेली ही होडी असते. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे ते पाण्यात घालावयाचे. साध्या होडीत वल्हेकऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेकडे असते. येथे तोंड पुढे असते. जेथे जावयाचे ते दिसत असते, ही या होडीची पहिली सोय.

ही होडी शोधली ती उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील लोकांनी. त्यांच्याकडे झाडे नाहीत. समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून शिवावयाचे, अशी त्यांची रीत. होडी बाजारात मिळत नसे. ज्याची त्याने आपल्या अंगाच्या मापाने करावयाची. हात किती लांब, कंबर किती रुंद, यावरून तिची मापे ठरत. शिंप्याने अंगरखा बेतावा तशी ती होडी बेतलेली असे, आणि ती खेळासाठी नव्हती, पोटासाठी होती. आजची कयाक प्लास्टिकची किंवा काचतंतूंची असते; आकार मात्र जवळजवळ तोच राहिला आहे.

अशा होडीतून माणूस किती दूर जाऊ शकतो? जर्मनीत ऑस्कर स्पेक नावाचा एक वीजकामगार मंदीमुळे बेकार झाला. १९३२ साली त्याने घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत प्रवास सुरू केला. सायप्रसच्या खाणीत काम मिळेल, असा त्याचा बेत होता. तो बेत मागे पडला आणि माणूस पुढे गेला. भूमध्य समुद्र, युफ्रेटिस नदी, इराणचे आखात, तेथून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली, लंकेहून पूर्व किनाऱ्याने वर, ब्रह्मदेश, जावा-सुमात्रा असे करीत तो १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोपर्यंत महायुद्ध सुरू झाले होते. सात वर्षे वल्हे मारून आलेल्या या कामगाराला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबण्यात आले. आपल्या काळातील उदाहरण मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांचे आहे. त्यांनी २०१५ मध्ये मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्याने कयाक नेली, आणि २०१६-१७ च्या हंगामात गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा पश्चिम किनारा पार केला. त्या दुसऱ्या प्रवासात शांजली शाही या किनाऱ्यावरून सायकलने त्यांच्या बरोबरीने चालल्या होत्या. पाण्यावर एकटा दिसणारा माणूसही पुष्कळदा एकटा नसतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता किनाऱ्याकडे वळू. महाराष्ट्राचा किनारा सातशेवीस किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले. अलीकडे खाचाखोचा बारकाईने धरून नवी मोजणी झाली, तेव्हा हा आकडा पावणेनऊशेच्या पुढे गेला. जमीन तीच, समुद्र तोच. दोरी आखूड घेतली की वाकडी रेघ लांब भरते. रस्त्याने जाणारा माणूस लांब दोरीने मोजतो, कयाकवाला आखूड दोरीने. प्रत्येक खडक, प्रत्येक घळ, प्रत्येक लहान पुळण त्याच्या जमाखर्चात येते.

या किनाऱ्याचा दगड आपल्या ओळखीचा आहे. लातूरकडे विहीर खणताना जो काळा फत्तर लागतो, तोच सह्याद्री उतरून थेट समुद्रात गेला आहे. काही कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले, आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्याची पश्चिमेकडील कड लाटा आजही फोडीत आहेत. रत्नागिरीकडे या काळ्या दगडावर तांबड्या जांभ्याची टोपी दिसते. ज्यांनी बीदरचा किल्ला पाहिला आहे त्यांना हा जांभा नवा नाही. लाट कठीण भागापाशी अडते आणि भेगा असलेल्या भागात शिरते. अडली तेथे भूशीर उरते, शिरली तेथे घळ पडते. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ म्हणून एक चिंचोळी घळ आहे. भरतीच्या वेळी तीत पाणी कोंडून वर उसळते. लोक ते पाहण्यास जातात. होडीवाल्याने मात्र तेच दृश्य पाहून कड्यापासून किती दूर राहावे, हे शिकावयाचे असते.

समुद्रावर जाणाऱ्याला तीन घड्याळे पाहावी लागतात. पहिले घड्याळ चंद्राचे. पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ही वेळ काढण्याची कोकणातील जुनी युक्ती अशी, की तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण. पंचमी असेल तर पावणेचार. अर्ध्यापाऊण तासाची चूकभूल धरावी. नेमकी वेळ छापील कोष्टकात मिळते. परंतु पंचांग तर आपल्या घरोघरी भिंतीवर टांगलेले असते. एकादशीचा उपास आणि संकष्टीचा चंद्रोदय पाहण्यासाठी जे पान आपण उलटतो, त्याच पानात समुद्राचे वेळापत्रक लिहिलेले आहे.

अमावास्येला व पौर्णिमेला चंद्रसूर्यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती ओढ एकमेकींना काटकोनात पडते, म्हणून चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणात पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वरखाली होते, गोव्याकडे ती दोन मीटरच्या आसपास उरते. नवशिक्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. आम्ही माघ शुद्ध अष्टमी निवडली ती याच कारणाने, धर्मकृत्यासाठी नव्हे.

दुसरे घड्याळ वाऱ्याचे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र निवत नाही. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दिवस चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि समुद्राची हवा आत धावते. हा खारा वारा. हिवाळ्यात तो दुपारी बहुधा वायव्येकडून येतो आणि पाणी खवळवितो. म्हणून होडीचा दिवस उजाडताच सुरू करून अकरा-बारापर्यंत संपवावा. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतमजूर जे करतो तेच हे आहे : काम थंड वेळेत उरकावे.

तिसरे घड्याळ ऋतूचे. जूनमध्ये मोसमी पाऊस लागतो आणि हा समुद्र लहान होडीसाठी बंद होतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही कायद्याने बंदी असते; जुन्या रीतीने दर्या उघडतो तो नारळी पौर्णिमेला. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तो दिवस १७ जुलै १९४७ चा. सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आगबोट होती, कयाक नव्हे. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपले, बाकीचे समुद्राचे, एवढी वाटणी मान्य करून चालावे.

घड्याळे समजली तरी जागा समजल्या पाहिजेत. खुल्या समुद्रातून येणारी लाट लांबवरून सरळ येते, पण किनाऱ्याजवळ पाणी उथळ होताच तिचा वेग कमी होतो. भूशिराच्या समोर पाणी आधी उथळ होते, म्हणून लाटेचा तेवढा भाग मागे राहतो, दोन्ही बाजू पुढे जाऊन वळतात, आणि सगळा जोर भूशिरावर एकवटतो. शेजारच्या खाडीत किंवा पुळणीवर तोच जोर पसरून विरळ होतो. म्हणून दोन पुळणींच्या मध्ये जे टोक असते तेथेच धोका जास्त, आणि नेमके तेच टोक ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उभ्या कड्यावर आपटलेली लाट परत फिरते व येणाऱ्या लाटेला भिडते. तेव्हा पाणी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी उंच उडते आणि होडी कोणत्या बाजूने सावरावी हेच कळेनासे होते. कडा जितका सुंदर, तितके त्याच्यापासून लांब राहावे.

नदीचे मुख हा दुसरा प्रकार. ओहोटीला खाडीचे पाणी बाहेर धावते. समोरून वारा आणि लाट येत असेल, तर दोन्ही एकमेकांवर चढतात. लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेच मुख भरती संपता संपता, पाणी थबकलेले असताना, ओलांडले तर निवांत असते. अर्ध्या तासाचा फरक, पण त्यात सारे येते.

तिसरी जागा वाळूची, आणि ती होडीत न बसणाऱ्यांनीही समजून घ्यावी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कोठून तरी परत जावे लागते. ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने मागे ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून पोहणाऱ्याला तीच जागा शांत वाटते व तो तेथेच उतरतो. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी माणसे बुडण्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. गोदावरीच्या डोहात पोहलेल्या माणसालाही ही ओढ ठाऊक नसते. तीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. शक्ती संपते आणि माणूस तेथेच राहतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, म्हणजे त्या पट्ट्यातून बाहेर पडाल, आणि मग लाटांबरोबर आत या. सुटीत मुले घेऊन कोकणात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही चार वाक्ये ध्यानात ठेवली, तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.

आता मित्रांविषयी, कारण आमच्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे. मराठीत सांगड असा एक शब्द आहे. आज आपण तो विचारांची सांगड, खर्चाची सांगड असा वापरतो. मूळची सांगड पाण्यावरची. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधून तरून जाण्यासाठी जे साधन करीत, ती सांगड. एक भोपळा गिरक्या घेतो, दोन बांधले की स्थिर होतात. कोकणातल्या उलांडीच्या होडीत हेच तत्त्व आहे. होडी अरुंद, पण तिच्या बाजूला आडव्या दांड्यांनी एक ओंडका बांधलेला. तो होडीला कलू देत नाही.

कयाक एकटी असली की ती डुचमळते. कोणी थकला, कोणाला मळमळू लागले, कोणाला टोपी बांधावयाची असली, तर दोन होड्या शेजारी आणून एकमेकींच्या कडा हातांनी घट्ट धरावयाच्या. त्याच क्षणी दोन अस्थिर होड्यांचा एक स्थिर तराफा होतो. त्यावर माणूस निर्धास्तपणे पाणी पिऊ शकतो. होडी उलटली तरी युक्ती हीच. पाण्यात पडलेल्याने होडी सोडावयाची नाही. दुसऱ्याने आपली होडी आडवी आणून उलटलेल्या होडीचे टोक उचलून आपल्या होडीवर घ्यावयाचे, आतले पाणी ओतून ती सरळ करावयाची, आणि ती घट्ट धरून ठेवावयाची, म्हणजे पडलेला माणूस पोटावर सरकत परत चढतो. एकट्याने हे साधण्यास मोठा सराव लागतो. दोघांना ते एका सकाळी शिकता येते. म्हणून आम्ही म्हणतो, की समुद्रावर आपला जीव ज्या होडीवर अवलंबून असतो ती आपली होडी नव्हे, शेजाऱ्याची.

आम्ही सहा जण होतो. मोंढ्यात तीस वर्षे पोती वाहिलेले एक हमाल, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक, लातूरच्या डाळमिलमधील एक फिटर, एक शाळामास्तर, त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या, आणि आम्ही. दोघांच्या तीन होड्या भाड्याने घेतल्या होत्या, आणि एकट्याच्या होडीत एक शिकलेला वाटाड्या. नेमक्या कोणत्या पाण्यात जात आहोत हे सागरी पोलिसांना कळविले होते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना पाठ करावयास लावला होता, आणि लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय होडीला हात लावावयाचा नाही, असा नियम होता. त्याआधी दोन दिवस खाडीच्या शांत पाण्यात पडण्याचा व चढण्याचा सराव झाला. त्यात एक गंमत दिसली. पुतण्या व्यायामशाळेत जाणारा, दंड भरलेले. पण तो तासाभरात थकला. हमालबुवा दुपारपर्यंत एका लयीत चालले. मास्तरांनी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, हात म्हणजे नुसता हूक असतो. ओढायचं ते पाठीनं न् पायानं.” कयाकचे सारे शास्त्र या वाक्यात आले. वल्हे दंडाने ओढावयाचे नसते. कमरेपासून अंग वळवून, पाय होडीत रोवून, पाठीने ओढावयाचे असते.

गुहागरच्या वाळूवर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नियम ठरविले. पहिला नियम, वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. दुसरा, कोणतीही होडी हाकेच्या बाहेर जाणार नाही. तिसऱ्या नियमावर मात्र वाद झाला. आमचा जन्म संघटनेत गेला. सभेत हात वर करून मोजणी करावी आणि बहुमत सर्वांनी पाळावे, हे आमच्या अंगवळणी पडलेले. वाटाड्या म्हणाला, की पाण्यावर असे चालत नाही. एकानेही नको म्हटले तर होडी पाण्यात जाणार नाही, आणि त्याला कारण विचारावयाचे नाही. आम्ही म्हटले, ही तर एकाची हुकूमशाही झाली. त्यावर त्याचे उत्तर असे होते, की संपात ज्याचे मत पडले तो घरी जाऊन बसू शकतो, समुद्रात त्याला बसावयास जागा नाही. ज्याचे हात थांबले त्याला बाकीच्यांनी ओढून न्यावे लागते, म्हणजे एकाचा थकवा सर्वांचा धोका होतो. हे पटले, आणि नियम मान्य झाला.

अष्टमीला सकाळी सहा-साडेसहाला, भरती उतरू लागताना निघालो. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी मागे टाकीत, मध्ये एकदा पुळणीवर विसावा घेऊन, अकराच्या पुढे तवसाळला लागलो. वीस किलोमीटरच्या आसपास अंतर झाले. नवमीच्या सकाळी जयगडची खाडी ओलांडून पलीकडचे भूशीर वळसा घालून जावयाचे होते. खाडीत अडचण नव्हती. तेथे फेरीबोट चालते. जयगडला आता मोठे बंदर आहे, कोळशाची जहाजे येतात. ती चटकन थांबू शकत नाहीत, म्हणून त्यांची वाट सर्वांनी एका गटाने, झटपट ओलांडावयाची असते. खरा प्रश्न भूशिराचा होता. रात्री वारा नेहमीप्रमाणे पडला नव्हता. चौघांचे मत जावे असे होते. मास्तर गप्प होते. तेवढ्यात हमालबुवा म्हणाले, “आज नको.” ठरल्याप्रमाणे कोणी कारण विचारले नाही. होड्या वर ओढल्या आणि चहा टाकला.

दुपारी त्यांनी आपण होऊन सांगितले. रात्रीपासून त्यांचा डावा खांदा धरला होता. मग ते म्हणाले, की परवा तो नियम झाला नसता तर आपण तोंड उघडले नसते. मोंढ्यात ज्याने आज पोते नको म्हटले त्याची बारी गेली, आणि बारी गेली की रोजी गेली. तीस वर्षे दुखणे लपवून पोते उचलण्याची सवय. ती सवय माघाच्या एका सकाळी कशी मोडावी? सहा जणांत सर्वांत बळकट माणूस तो. त्याच्याकडे पाहून कोणालाही शंका आली नसती. भूशिरापाशी तो खांदा निकामी झाला असता, तर कळले असते ते तेथेच.

दुपारी वारा वाढला आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, हे खरे. परंतु वारा वाढला नसता तरी तो नकार तितकाच योग्य होता. नकाराचे मोल पुढे काय घडले यावर ठरवू लागलो, की पुढच्या वेळी नको म्हणणारा आधी विचार करतो, आपण खोटे तर पडणार नाही ना? आणि गप्प बसतो. हमालांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून झगडे झाले, आजही होतात. त्या साऱ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : दुखत असताना नको म्हणण्याची सोय माणसाला आहे की नाही? धैर्य म्हणजे दुखणे गिळणे, असे आपण मुलांना शिकवितो. तवसाळच्या वाळूवर आम्हाला दिसले ते धैर्य निराळे होते, आणि ते शक्य झाले ते आधी केलेल्या नियमामुळे. नियम जमिनीवर, शांत डोक्याने, कोणी थकलेले नसताना करावा लागतो. पाण्यावर तो करता येत नाही.

दशमीला वारा पडला. साडेसातच्या सुमारास, भरती थबकलेली असताना, खाडी ओलांडली. जयगडच्या दीपगृहाखालून लांबचा वळसा घालून भूशीर मागे टाकले आणि दुपारच्या आत मालगुंडला आलो. हमालबुवा त्या दिवशी होडीत पुढे बसले आणि हलकेच वल्हे मारीत राहिले. जोर मेकॅनिकने लावला. एकादशीला आरे-वारेचे कडे दुरून पाहत रत्नागिरी गाठली. चार दिवसांत अंतर झाले साठ किलोमीटरच्या आतबाहेर. एस.टी.ला याला दोन-तीन तास लागतात.

एक गोष्ट राहिली. हा किनारा दुर्गम वाटतो तो रस्त्यावरून. पाण्यावरून पाहिले तर तो कोणाच्या ना कोणाच्या कामाची जागा असतो. खारवी, दालदी, भंडारी यांची जाळी पाण्यात असतात. त्यांच्या बोयांमधून होडी घालू नये. रापण ओढली जात असेल तर दूर थांबावे. रापणीत पन्नास-साठ माणसे एक जाळे किनाऱ्यावर ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. तीही एक सांगडच. ज्याला तेथे जावयाचे आहे त्याने आदल्या संध्याकाळी जाळी विणणाऱ्या एखाद्या वृद्ध तांडेलापाशी जाऊन बसावे आणि उद्याचे पाणी कसे राहील, ते विचारावे. आमची करमणूक त्यांच्या रोजीच्या पाण्यात होते, याची जाणीव ठेवून विचारावे, म्हणजे उत्तर मनापासून मिळते.

हे ऐकून उद्याच कोणी समुद्रावर जावे असे आम्ही म्हणत नाही. आधी पोहण्यास शिकावे. मग शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, जाणत्याच्या देखरेखीखाली होडीत बसावे, मुद्दाम उलटावे आणि परत चढावे. ते जमले की चार-पाच विश्वासाचे मित्र पाहावेत. बळकट पाहू नयेत, खरे बोलणारे पाहावेत. माघात अष्टमी केव्हा येते ते पंचांगात पाहावे आणि लातूरहून किंवा नांदेडहून रात्रीची गाडी धरावी. निघण्यापूर्वी एकदा सर्वांना समोर बसवून विचारावे, की आपल्यात नको म्हणण्याची मोकळीक कोणाकोणाला आहे? सगळ्यांनी हात वर केले तरच निघावे.